शाळिग्रामांच्या नदीकाठी

शनिवार, पोखरा

नेपाळातल्या मुक्तिनाथला जायला पोखऱ्याहून दोन वाटा आहेत. एक पहाटेच्या छोट्या विमानाची : धवलागिरी आणि अन्नपूर्णेच्या मधल्या फटीतून वीसेक मिनिटांत जोमसोम. दुसरी बेनीवरून काळीगंडकीच्या काठाकाठाने, दीडशे-एक किलोमीटर. तिला रस्ता म्हणायला मन मोठं लागतं. आम्ही जाताना जीप आणि येताना विमान ठरवलं. आत्याच्या शरीराला उंचीची हळूहळू सवय व्हावी, हे घरी सांगितलेलं कारण. मला नदी बघायची होती, हे न सांगितलेलं.

मी रत्नागिरीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. शीर्षपाद प्राण्यांचा धडा दरवर्षी येतो : माकुल, ऑक्टोपस, नॉटिलस, आणि शेवटी ‘नामशेष’ एवढ्यावर आटोपलेले अमोनाइट. आत्या वाईची. तिच्या देवघरात पणजोबांच्या आधीपासूनचा एक शाळिग्राम आहे, काळाभोर, लिंबाएवढा, एका अंगाला वेटोळ्याची पुसट खूण असलेला. तिच्या मुलाने पुण्यात नवं घर घेतलं, त्या देवघरासाठी तिला गंडकीतला शाळिग्राम हवा होता. मला अमोनाइट, म्हणजे त्या नामशेष प्राण्याच्या वेटोळ्या शंखाचा दगडात उरलेला जीवाश्म, हवा होता. दोघींना एकच दगड हवा आहे हे आम्हाला ठाऊक होतं, त्यामुळे वाद झाला नाही. भाऊबीज करून निघालो, तुळशीच्या लग्नाआधी परतायचं होतं.

रविवार, पोखरा ते कालोपानी

बेनीपर्यंत ठीक होतं. पुढे डांबर मधूनमधून भेटत गेलं. ड्रायव्हर पंचविशीतला, आत्याला ‘आमा’ म्हणायचा आणि खड्डा आला की आधी सांगायचा, त्यामुळे तो सतत बोलतच होता. तातोपानीला गरम पाण्याच्या कुंडात आत्याने पाय बुडवले आणि इथेच राहू या म्हणाली.

तातोपानीच्या पुढे दरी आवळत जाते. डावीकडे धवलागिरी (८,१६७ मीटर), उजवीकडे अन्नपूर्णा (८,०९१ मीटर), आणि मधून नदी अडीच हजार मीटरच्या आसपास. म्हणजे शिखरापासून पात्रापर्यंत साडेपाच किलोमीटरचा उतार. नदी इतक्या उंच डोंगरांना आरपार कापून जाते, कारण ती डोंगरांपेक्षा जुनी आहे असं भूशास्त्रज्ञांचं एक म्हणणं आहे. डोंगर वर येत राहिला, ती कापत राहिली.

पाणी खरोखर काळपट राखाडी आहे. पावसाळ्यात ते चिखलासारखं दाट होतं म्हणे. कार्तिकात उतरून निवळलं होतं. हा काळेपणा वरच्या मुस्तांगातल्या काळ्या खडकाचा, आणि शाळिग्राम त्याच खडकातून येतात.

कालोपानीला रात्री थकाली थाळी : भात, काळी डाळ, गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी), मुळ्याचं लोणचं. ‘आणखी घ्या’ म्हणत वाढत राहायची पद्धत अगदी आपल्या पंगतीची.

सोमवार, कालोपानी ते जोमसोम

लेतेच्या पुढे दरी एकाएकी उघडते. झाडं संपतात, पात्र अर्धा-एक किलोमीटर रुंद होतं आणि नदी त्यात चार-पाच धारांनी इकडेतिकडे भटकते. बाकी सगळा गोट्यांचा पसारा. सकाळी अकरा वाजले की दक्षिणेकडून वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. खालची हवा तापलेल्या तिबेटी पठाराकडे या बोळातून खेचली जाते. विमानं पहाटेच का उडतात, ते जीपमधून उतरल्यावर टोपी गेली तेव्हा पटलं.

मार्फा हे पांढऱ्या भिंतींचं, दगडी गल्ल्यांचं गाव सफरचंदांसाठी प्रसिद्ध आहे. वाळवलेल्या फोडी घेतल्या. तिथेच रस्त्याकडेला पहिला शाळिग्रामांचा पाट दिसला. विकणारी बाई विणकाम करत बसली होती, पुढ्यात लहानमोठे पन्नासेक दगड. आत्याने किंमत विचारली तेव्हा तिने हिंदीत शांतपणे दुरुस्त केलं, किंमत नाही, दक्षिणा. शाळिग्राम विकत घेऊ नये, देऊ नये, तो मिळावा, अशी आपल्याकडेही समजूत आहे. दक्षिणेचा आकडा मात्र ठरलेला होता आणि तो भारतीय रुपयांत सांगितला गेला. (शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी, हा हिशोब इथल्या पोराटोरांना तोंडपाठ आहे.)

मी पाटावरचा एक फुटलेला दगड उचलला. अशा दगडात सगळं दिसतं. बाहेरून गुळगुळीत काळा गोटा, आत शंखाची गुंडाळी, तिच्यावर कडेकडे जाणारे फासळ्यांसारखे कंगोरे. बाहेरच्या कडेजवळ प्रत्येक कंगोरा दोन फाट्यांत फुटलेला. या नदीत मिळणाऱ्या ब्लॅनफोर्डिसेरससारख्या अमोनाइटांची ती ओळखच. वय सुमारे पंधरा कोटी वर्षं, ज्युरासिक काळाचा शेवट.

आत्या तोवर दुसरा दगड बघत होती. तिची पद्धत अशी : आधी द्वार, म्हणजे तोंड कुठे आणि केवढं. मग आत चक्रं किती. मग कडेने वनमाळेची रेष आहे का. मग कुठे सोनं चमकतं का. एका चक्राचा सुदर्शन, दोन चक्रांचा लक्ष्मीनारायण, पुढे अच्युत, जनार्दन असं वाढत जाऊन खूप चक्रं असली की अनंत. तोंड रुंद आणि भयंकर तर नरसिंह. यादी ग्रंथागणिक थोडी बदलते, निकष तेच राहतात.

मी ऐकत होते आणि मला माझी प्रात्यक्षिकाची वही आठवत होती. अमोनाइट ओळखताना आम्हीही हेच बघतो : वेढे किती, शेवटच्या वेढ्याने आधीचे किती झाकलेत, तोंडाचा आकार काय, बाहेरच्या कडेला चर आहे की कणा, कंगोरे कुठे फाटतात. पुराणं लिहिणाऱ्यांनी हे दगड हातात घेऊन, फिरवून, एकमेकांशेजारी ठेवून पाहिले असणार. त्याशिवाय एवढं बारीक वर्गीकरण सुचत नाही. भक्तांनी डोळे मिटून दगड पुजला असं जे म्हणतात, त्यांनी आत्याला शाळिग्राम निवडताना बघावं. अर्धा तास घालवून तिने एकही घेतला नाही.

मंगळवार, कागबेनी

इथे दिवसभर राहिलो ते बरं केलं. झोंग खोला ही छोटी नदी इथे काळीगंडकीला मिळते, आणि संगमावर श्राद्ध करायला लांबून लोक येतात. आत्याने गुरुजींकडून काकांच्या नावाने तर्पण करवून घेतलं. मागे मातीच्या रंगाचं गाव आणि १४२९ साली स्थापन झालेला लाल गोंपा, म्हणजे बौद्ध मठ. गावाच्या पलीकडे वरचं मुस्तांग, त्याला वेगळा परवाना लागतो. तिकडूनच, दामोदर कुंडाच्या बाजूने, हे गोटे वाहत येतात.

तर्पण आटोपून आम्ही वारा सुटायच्या आत पात्रात उतरलो. शोधायची युक्ती ड्रायव्हरने शिकवली : पांढरे, तांबडे, पट्ट्यापट्ट्यांचे सोडून द्यायचे. काळा, गोलसर, आकाराच्या मानाने जड गोटा घ्यायचा आणि कडेला कंगोऱ्यांची खूण शोधायची. नुसता काळा दगड शेकड्यांनी आहे. कंगोरा दिसला की दृष्टी बसते, मग दिसतच राहतात. आधी तुकडे मिळाले, एक चतकोर वेढा, एक नुसता ठसा. मग ड्रायव्हरला बोटाएवढा, बंदुकीच्या गोळीसारखा टोकदार दगड मिळाला. तो बेलेमनाइट. हाही शीर्षपादच, पण कवच अंगाच्या आत ठेवणारा, माकुलाच्या वाटेवरचा. त्याला देवपण नाही. ड्रायव्हरने तो मला देऊन टाकला.

हे समुद्रातले प्राणी इथे, पावणेतीन हजार मीटरवर, कसे? भारताचा भूखंड आशियाला भिडण्याआधी मधे टेथिस समुद्र होता. त्याच्या दक्षिण काठाजवळ, म्हणजे आपल्या भूखंडाच्या उत्तरेच्या पाण्यात, बारीक काळा चिखल साचत गेला. त्याच चिखलाचा खडक हिमाचलातल्या स्पितीपासून नेपाळमार्गे तिबेटपर्यंत सापडतो. फर्डिनांड स्टोलिच्का याने १८६५ मध्ये स्पितीत त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला स्पिती शेल म्हणतात. तळाच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नव्हता. मेलेला अमोनाइट त्यात रुतला की कुजताना त्याच्याभोवतीच्या पाण्याची रासायनिक घडण बदले, आणि क्षार साखळून त्याच्याभोवती कठीण गोळा बांधला जाई. गंधक आणि लोह एकत्र येऊन सोनेरी पायराइट बने. शाळिग्रामातलं सोनं ते. पुढे पाचेक कोटी वर्षांपूर्वी टक्कर सुरू झाली, समुद्राचा तळ वर उचलला गेला. शेलचा खडक हातानेही चुरतो, गोळा चुरत नाही. पाऊस शेल धुऊन नेतो, गोळे नदीत गडगडत राहतात आणि गुळगुळीत होतात.

पायराइटबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. ओल आणि हवा मिळाली की तो हळूहळू गंजतो, त्यातून आम्ल सुटतं आणि आतून दगड फुटतो. संग्रहालयांना ही डोकेदुखी चांगली माहीत आहे. सोनं दिसणारा शाळिग्राम असेल तर अभिषेकानंतर पंचाने नीट कोरडा करून ठेवा.

दुपारी वाऱ्यामुळे एका दुकानात शिरलो. तिथले गृहस्थ जुने जाणकार होते. त्यांनी आत्याला वज्रकीटाची गोष्ट सांगितली : वृंदेच्या शापाने विष्णू शिळा झाले, आणि वज्रासारख्या दातांचे किडे त्या शिळा पोखरून आत चक्रं कोरतात. आत्याला ती पाठ होती, तरी तिने पूर्ण ऐकली. मला या गोष्टीचं नेहमी कौतुक वाटतं. वेटोळ्याच्या आत कधीतरी एक जीव राहत होता, हे तिने ओळखलंय. फक्त क्रम उलटा आहे. प्राण्याने दगड कोरला नाही. प्राण्याने आधी घर बांधलं, दगड नंतर त्याच्याभोवती झाला.

मी फोनवर आमच्या प्रयोगशाळेतला फोटो काढून दाखवला. मधोमध कापलेला नॉटिलसचा शंख. गृहस्थांनी तो मोठा करून पाहिला, आत गेले आणि एक कापून घासलेला शाळिग्राम आणून शेजारी ठेवला. दोन्हींत वेटोळं, दोन्हींत आडव्या पडद्यांनी केलेले कप्पे. प्राणी राहतो फक्त शेवटच्या कप्प्यात. वाढला की मागे नवा पडदा घालतो आणि पुढे सरकतो; मागच्या रिकाम्या कप्प्यांतलं पाणी एका नळीने शोषून घेतो, तिथे वायू भरतो, आणि शंख पाण्यात तरंगता राहतो. पाणबुडीचं तत्त्व, पाणबुडीच्या कित्येक कोटी वर्षं आधी.

फरकही त्यांनीच आधी टिपला. नॉटिलसमध्ये ती नळी पडद्यांच्या मधोमध जाते, शाळिग्रामात बाहेरच्या कडेने. आणि पडदा शंखाला जिथे चिकटतो ती रेष नॉटिलसमध्ये साधी वळणाची, तर अमोनाइटमध्ये नक्षीदार, कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी कातरलेली. “हा जिवंत आहे?” त्यांनी फोटोवर बोट ठेवून विचारलं. आहे म्हटल्यावर ते बराच वेळ फोटो बघत राहिले. मग त्यांनी आमच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

बुधवार, मुक्तिनाथ

राणीपौवापर्यंत जीप, पुढे पायऱ्या. पावणेचार हजार मीटरच्या आसपास पायरी म्हणजे काय ते दहाव्या पायरीला कळतं. आत्या घोड्यावर बसली आणि माझ्या आधी पोचली.

देवळामागे अर्धवर्तुळात गोमुखाच्या १०८ धारा. पाणी बर्फाचं. आंध्र-तमिळनाडूकडचे यात्रेकरू ओल्या वस्त्रांनी एकेका धारेखालून धावत होते. वैष्णवांच्या १०८ दिव्य देशांपैकी हे एक, त्यामुळे दक्षिणेची गर्दी कायम. आत्याने प्रत्येक धारेचे चार थेंब डोक्यावर घेतले, मी पंधरावीसनंतर बोटं बधिर झाल्यावर सोडून दिलं. देवस्थान बौद्धांचंही आहे. ज्वालामाईच्या देवळात खडकातून झिरपणाऱ्या नैसर्गिक वायूची निळी ज्योत पाण्याशेजारी जळते. वाकून, जाळीतून बघावी लागते.

संध्याकाळी राणीपौवाच्या लॉजवर, दोन-दोन रजयांत, आत्याने मला नेमकं विचारलं. “हे सगळे गेले कसे? आणि तुझा तो फोटोतला का राहिला?”

अमोनाइटांचं कुळ समुद्रात चाळीस कोटी वर्षांपूर्वीच आलं होतं. मधल्या दोन मोठ्या संहारांत ते संपता संपता वाचलं, चार-दोन शाखा उरल्या आणि त्यांतून पुन्हा समुद्र भरला. काही नखाएवढे, तर जर्मनीत १८९५ साली सापडलेला एक पावणेदोन मीटर व्यासाचा. रूपं इतक्या झपाट्याने बदलत गेली की कुठला अमोनाइट मिळाला यावरून खडकाचं वय काढतात. आणि मग ६.६ कोटी वर्षांपूर्वी सगळे संपले. मेक्सिकोजवळ अशनी आदळली तो काळ. त्याच सुमाराला आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता.

“म्हणजे आपला पसरणीचा घाट?”

तोच. आत्याचा घाट, पाचगणीचं पठार, महाराष्ट्रातला जवळजवळ सगळा सह्याद्री त्या लाव्हाचा. म्हणून आमच्या कातळात अमोनाइट मिळत नाही, वाईच्या देवघरातल्या शाळिग्रामाला गंडकीहूनच यावं लागलं. आत्याला हे फार आवडलं. घाटाचं वय तिने दोनदा विचारून घेतलं.

नॉटिलस का राहिला, याचं बहुतेकांना पटणारं उत्तर पिल्लांपाशी आहे. अमोनाइटची पिल्लं मिलिमीटरभराची, वरच्या पाण्यात तरंगणारी. वरचं पाणी आंबलं, सूर्य झाकोळला, सूक्ष्म जीव मेले, तसं त्यांचं अन्न आणि कवच दोन्ही गेलं. नॉटिलस मोजकी, मोठी अंडी घालतो. अंडं फुटायला साधारण वर्ष लागतं आणि पिल्लू निघतं ते इंचभर शंख घेऊन, आत सात-एक कप्पे तयार. खोल पाण्यात मिळेल ते खाऊन जगणारा हा प्राणी. ती काही वर्षं त्याने रेटून नेली.

आज त्याच्या हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच जाती उरल्यात, हिंदी-प्रशांत महासागरातल्या प्रवाळांच्या उतारावर. दिवसा कित्येकशे मीटर खाली, रात्री वर. आठशे मीटरच्या आसपास गेला तर शंख दाबाने फुटतो. नव्वदेक शुंडके, डोळ्याला भिंगच नाही, नुसतं सुईच्या टोकाचं छिद्र. वयात यायला दहा-पंधरा वर्षं घेतो, आणि इथेच घोडं अडतं. शंख सुंदर, म्हणून शोभेच्या दुकानांसाठी तो पकडला गेला. २०१६ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. भारतात वन्यजीव कायद्याने तो आधीपासून संरक्षित आहे. कुणी किनाऱ्यावरच्या दुकानात वाघपट्ट्यांचा वेटोळा शंख काढून दाखवला तर घेऊ नका. अशनीतून वाचलेल्या प्राण्याला कुणाच्या शोकेसने संपवावं, याचा मला राग येतो.

“मग शाळिग्रामाचा सख्खा तोच म्हणायचा.”

दिसायला. नात्याने नाही. अमोनाइटचं जवळचं नातं निघतं ते माकुल आणि ऑक्टोपसशी. नॉटिलसची फांदी त्याच्या खूप आधी वेगळी झाली. जिभेवरच्या दातांच्या रांगांवरून हे ओळखता येतं. म्हणजे ज्याच्या भावकीला आम्ही रत्नागिरीत रवा लावून तळतो—

“पुरे,” आत्या म्हणाली. “हे पुण्यात सुनेसमोर बोलू नकोस.”

तिचा राग घालवायला मी समुद्रफेनाचं सांगितलं. आयुर्वेदिक दुकानात मिळतो, पोपटांच्या पिंजऱ्यात अडकवतात, तो पांढरा हलका तुकडा म्हणजे सेपिया नावाच्या माकुलाच्या पाठीतलं कवच. भिंगाखाली बघितलं तर त्यातही पडदे, त्यातही वायूचे कप्पे. शंख आत गेला, सरळ झाला, पण तरंगायची जुनी सोय सोडली नाही. आत्याच्या आईच्या औषधाच्या बटव्यात तो कायम असे. “म्हणजे घरात दोघंही होते,” एवढं म्हणून ती झोपली.

गुरुवार, परत जोमसोम

उतरताना आत्याने अखेर शाळिग्राम घेतला, कागबेनीच्या त्याच गृहस्थांकडून. घेण्याआधी मी एकच काम केलं, भिंगातून पाहिलं. हल्ली दोन तुकडे चिकटवलेले, यंत्राने चक्र कोरलेले, वरून सोनेरी रंग दिलेले दगडही यात्रेकरूंच्या गळ्यात मारतात. खऱ्या अमोनाइटचे कंगोरे आतल्या वेढ्याकडे बारीक होत जातात आणि अंतरं सारखी नसतात. कोरीव चक्र फार नेटकं असतं.

त्यांनी जोडी दाखवली होती, मोठा आणि छोटा, एकाच ठेवणीचे. मोठा नारायण, धाकटी लक्ष्मी, ते म्हणाले. मला राहवलं नाही. एकाच जातीच्या अमोनाइटांत मोठे आणि छोटे असे दोन आकार बरोबर सापडतात, आणि त्यांतला मोठा मादीचा मानतात. गृहस्थ हसले. आत्याने दोन्ही दगड हातात तोलले, मोठ्याला लक्ष्मी ठरवलं आणि जोडीची दक्षिणा दिली.

शुक्रवार, जोमसोम ते पोखरा

पहिलं विमान आलं, भरलं, उडालं. विमानतळावर बॅग तपासणाऱ्याने गोटे बघून फक्त मान हलवली.

जाणार असाल तर दिवाळीनंतरचे पंधरा दिवस चांगले, पाणी उतरलेलं आणि शिखरं उघडी असतात. कागबेनीला एक मुक्काम कराच. बरेच यात्रेकरू जोमसोमहून थेट मुक्तिनाथ गाठून परततात आणि नदीचं पात्र जीपच्या काचेतून बघतात. पात्रात सकाळी अकराच्या आत उतरा. दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग खिशात ठेवा. आणि कंगोरे फाटलेला तुकडा मिळाला, तर शेजारचा काळा गोटाही उलटून बघा. मला तिसऱ्या-चौथ्या गोट्याखाली अख्खा वेढा मिळाला होता.